मागच्या बाकावरून बोलून काय होतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आयर्लंडच्या माजी खासदार कॅथरिन मर्फींवरच्या माझ्या पोस्टखाली तुम्ही जे लिहिलंत ते नीट वाचलं, दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की, डब्लिनच्या संसदेत मागच्या बाकावरच्यांनी कितीही घसा कोरडा केला तरी मतदान व्हिप सांगेल तसंच होतं, म्हणजे त्या भाषणांचं मोल शून्य. वर मर्फींनी सभागृहाच्या संरक्षणाआड एका खाजगी माणसाचे बँकेचे व्यवहार चव्हाट्यावर आणले आणि मी त्याचं कौतुक करतेय. आणि मराठी वाचकाला आयर्लंडमधलं वाचायचंच असेल तर ते पुढे पंतप्रधान झालेल्या लिओ वराडकरांबद्दल, या बाई कोण?

वराडकरांचं आधी. त्यांचे वडील मालवणजवळच्या वराडचे, त्यामुळे आपल्याला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटणारच, मलाही वाटते. पण 2015 मध्ये ते आरोग्यमंत्री होते, म्हणजे मर्फी ज्या सरकारला प्रश्न विचारत होत्या त्याच सरकारात बसलेले. फक्त मंत्र्यांकडे बघून संसद कळत नाही हो, समोरून विचारणारं कोण आहे तेही बघावं लागतं.

आता व्हिप. तुम्ही म्हणता ते खरंच आहे, डॉइलमध्ये (त्यांचं कनिष्ठ सभागृह) व्हिप भलताच कडक असतो. 2013 मध्ये गर्भपाताच्या विधेयकावर ल्युसिंडा क्रायटन यांनी पक्षाविरुद्ध मत दिलं तर राज्यमंत्रीपद आणि संसदीय पक्षातली जागा दोन्ही गेलं. आणि 2011 ला निवडून आलेल्या सरकारकडे 166 पैकी 113 जागा होत्या, फिने गेल पक्षाच्या 76 आणि लेबर पक्षाच्या 37, समोर मर्फी अपक्ष. मतदानाने तिथे काहीच हलणार नव्हतं हे शाळकरी पोरालाही कळेल. पण म्हणूनच तर मला त्यांचं काम महत्त्वाचं वाटतं, कारण हातात मतांची ताकद नसताना फक्त प्रश्न, कागद आणि बोलायला मिळणारी मोजकी मिनिटं यांच्यावर एक बाई काय करू शकते ते त्यातून दिसतं.

प्रकरण काय होतं ते पुन्हा सांगते, कारण तुमच्या प्रतिक्रियेत ते पूर्ण गाळलंय. अँग्लो आयरिश बँक बुडाली, जानेवारी 2009 मध्ये सरकारने ताब्यात घेतली, पुढे आणखी एक बुडालेली संस्था तिच्यात मिसळून आयबीआरसी नावाची बँक झाली. या दोन्ही सावरायला आयरिश जनतेचे जवळजवळ 35 अब्ज युरो गेले. पगार कापले, नवे कर लागले, पोरं कामासाठी ऑस्ट्रेलिया-कॅनडाला गेली. आणि 2012 मध्ये याच सरकारी मालकीच्या बँकेने साइटसर्व नावाच्या कर्जबाजारी कंपनीची विक्री मंजूर केली, साडेचार कोटी युरोला, डेनिस ओब्रायन या उद्योगपतींच्या कंपनीला. त्यात बँकेने 10 कोटी युरोंहून जास्त कर्ज सोडून दिलं आणि तरी साइटसर्वच्या भागधारकांच्या हातात 50 लाखांच्या आसपास पडले. कर्ज बुडतंय आणि भागधारकाला पैसे मिळतायत, हे कसं? एवढाच मर्फींचा साधा प्रश्न. त्यात साइटसर्वच्याच गटातल्या कंपनीला पुढच्या वर्षी पाण्याचे मीटर बसवायच्या कंत्राटात वाटा मिळाला, आणि पाणीपट्टीवरून तर लोक रस्त्यावर उतरलेले.

तर या बाईंनी काय केलं, अर्थमंत्री मायकल नूनन यांना लेखी प्रश्न टाकले. उत्तर यायचं, त्यातून हाती काही लागायचं नाही, मग शब्द बदलून परत प्रश्न. मग माहिती अधिकारात अर्ज. एप्रिल 2015 मध्ये कागद बाहेर आले आणि कळलं की या व्यवहाराबद्दल खुद्द अर्थखात्यातल्या अधिकाऱ्यांनाच 2012 पासून शंका होत्या. सरकारने आधी सांगितलं की बँकेचे लिक्विडेटर (बँक गुंडाळून तिची देणी-घेणी मिटवणारे) तपासतील, ते केपीएमजी या हिशेबतपासणी कंपनीचे, आणि केपीएमजीनेच विक्रीच्या वेळी साइटसर्वला सल्ला दिलेला! आरडाओरडा झाला तेव्हा देखरेखीला एक निवृत्त न्यायाधीश नेमले. प्रत्येक पायरीला सरकार थोडं थोडं मागे सरकत होतं, आणि यातल्या एकाही पायरीला मतदानात कोणी हरलेलं नव्हतं. तुम्ही भाषणाचं मोल मतांत मोजता तिथेच माझं तुमच्याशी पटत नाही.

आता 28 मे 2015, गुरुवार. तुमचा सगळा राग याच दिवसावर आहे. मर्फींनी महालेखापरीक्षकांचे अधिकार वाढवणारं खाजगी विधेयक मांडलं आणि ते मांडताना म्हणाल्या की ओब्रायन यांना या बँकेच्या कर्जावर फार कमी व्याजदर लागत होता. ओब्रायन यांनी हे साफ नाकारलं, ते मागच्या पोस्टमध्येही लिहिलं होतं. पण त्याच्या आठवडाभर आधी आरटीई या सरकारी वाहिनीवर ओब्रायन यांच्या बँक व्यवहारांबद्दल बातमी द्यायला हायकोर्टाची मनाई आली होती. त्यामुळे झालं असं की भाषण सभागृहातून लाइव्ह गेलं, संसदेच्या अधिकृत नोंदीत शब्दन् शब्द छापलं गेलं, संसदेच्या वेबसाइटवर कुणीही वाचावं, आणि देशातल्या मोठ्या पेपरांना ते छापायची सोय नाही, वकिलांनी सांगितलेलं की अंगाशी येईल. शुक्रवार गेला, शनिवार-रविवार गेला, सोमवारी सुट्टी. स्वतःच्या संसदेत काय बोललं गेलं ते लोकांना आपल्या पेपरात वाचता येत नव्हतं! आयरिश टाइम्स आणि आरटीई कोर्टात गेले, तेव्हा 2 जूनला न्यायाधीशांनी खुलासा केला की मनाई संसदेतल्या बोलण्याला लागू नव्हतीच.

त्यांच्या राज्यघटनेचं कलम 15 उघडून बघा. बाराव्या उपकलमात आहे की सभागृहातलं बोलणं कुठेही छापलं तरी त्याला संरक्षण. तेराव्यात आहे की सदस्य जे बोलतो त्याबद्दल सभागृह सोडून कुठलंही कोर्ट त्याला जाब विचारू शकत नाही. तुम्ही याला "लपणं" म्हणता. ज्या माणसाशी कोर्टात लढायला एखाद्या पेपरला दहादा विचार करावा लागतो त्याच्याबद्दल, जनतेच्या पैशाने चालणाऱ्या बँकेचा प्रश्न एका अपक्ष बाईने विचारायचा तो कुठे उभं राहून मग?

खाजगीपणाचा मुद्दा हलका नाही, तो मी उडवून लावत नाही. सभागृहात कुणाचंही नाव घेऊन वाटेल ते बोलायची मुभा म्हणजे उद्या एखाद्या साध्या माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं. पण हे आयरिश कोर्टांनी नीट तपासलंय. ओब्रायन यांनी आधी डॉइलच्या समितीकडे तक्रार केली, समितीने ठरवलं की मर्फींनी विशेषाधिकाराचा गैरवापर केला नाही. मग ते कोर्टात गेले, 2017 मध्ये हायकोर्टात हरले आणि मार्च 2019 मध्ये सुप्रीम कोर्टातही, कारण त्यांचं म्हणणं ऐकून घेणं म्हणजे आडवळणाने सदस्याच्या बोलण्याचा न्याय कोर्टाने करणं झालं असतं. आणि त्याच सुमारास त्याच कोर्टाने अँजेला केरिन्स यांच्या बाजूने निकाल दिला, या रिहॅब संस्थेच्या माजी प्रमुख, 2014 मध्ये लोकलेखा समितीने त्यांना बोलावून जी सरबत्ती केली ती समितीच्या अधिकारकक्षेच्या बाहेरची होती असं कोर्टाने सांगितलं. म्हणजे संरक्षण आंधळं नाही. अख्खी समिती कक्षा सोडून वागली तर कोर्ट हात घालतं, एकटा सदस्य सभागृहात बोलला तर घालत नाही. मला ही रेघ योग्य जागी वाटते.

"शेवटी निष्पन्न काय?" असंही तुम्ही विचारलंय. विधेयक काही कायदा झालं नाही. पण त्याच जूनमध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. मग गोपनीयतेमुळे आयोगाचं काम अडलं तर 2016 मध्ये खास कायदा करावा लागला, आणि अहवाल यायला सप्टेंबर 2022 उजाडला. हा उशीर मलाही खटकतो, खर्चही बेसुमार झाला, त्यावर तुमच्याशी वाद नाही. पण 1,500 हून जास्त पानांच्या त्या अहवालात आयोग चालवणाऱ्या न्यायमूर्ती क्रेगन यांनी काय लिहिलं? की बँकेने मंजुरी सद्हेतूने दिली पण कंपनीकडून आलेल्या अर्धवट आणि दिशाभूल करणाऱ्या माहितीवर दिली, आणि व्यवहार गैरप्रकारांनी इतका डागाळलेला होता की व्यावसायिकदृष्ट्या तो योग्य नव्हता. व्याजदराच्या आरोपाबद्दल हे नाही, साइटसर्वच्या विक्रीबद्दल आहे, आणि मर्फींनी लेखी प्रश्नांतून खोदायला घेतलं होतं ते नेमकं तेच.

मर्फी 2024 ची निवडणूक लढल्या नाहीत. त्यांचे ते प्रश्न आणि नूनन यांची उत्तरं तारखेसकट संसदेच्या साइटवर आहेत. वेळ काढून ती ओळीने वाचा, विशेषतः एप्रिल 2015 च्या आधीची, आणि मग कुठला प्रश्न निरर्थक वाटला ते इथेच लिहा. त्यावर बोलायला मला आवडेल.