घरासमोरची गाडी: एका रागावलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घरासमोर आणि गेटसमोर लावल्या जाणाऱ्या शेजाऱ्यांच्या गाड्यांवर मी लेख लिहिला होता: आधी बोला, जागा टेपने मोजा, मग अर्ज करा. त्यावरची तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, चिडलेली आहे, आणि त्यातला राग समजण्यासारखा आहे. शेलक्या विशेषणांचा भाग सोडला तर चार मुद्दे उरतात. एक, 'शेजाऱ्याशी आधी बोला' हा लेखातला सल्ला भाबडा आहे. दोन, घरासमोरची जागा घरमालकाचीच असते आणि ते मी मान्य करत नाही. तीन, दोन कुंड्या ठेवणं किंवा चाकातली हवा सोडणं हे दहा अर्जांपेक्षा लवकर काम करतं. चार, टेप घेऊन रस्ता मोजत बसायला वेळ कोणाला आहे?

पहिल्या मुद्द्यात तुमचं बरंचसं बरोबर आहे, त्याकडे नंतर येतो. बाकी तिन्ही पटत नाहीत. चौथ्यात तर तुम्ही हातातलं एकमेव हत्यार खाली ठेवताय.

आधी मालकीचं. सार्वजनिक रस्त्याच्या कडेला राखीव जागेची पाटी किंवा परवान्याची व्यवस्था नसेल, तर बहुतेक ठिकाणी ती जागा आधी येईल त्याची. तुमच्या कुंपणाच्या भिंतीलगत परक्याची गाडी रात्रभर उभी राहिली तर ते डोळ्यांत खुपेल, पण तो तक्रारीचा विषय होत नाही. गेटचं मात्र वेगळं आहे. रस्ते वाहतुकीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारातलं 23 वं कलम पाहा. घराच्या वाहन-प्रवेशासमोर गाडी लावून ठेवायला त्यात मनाई आहे, आणि नीट लावलेल्या दुसऱ्या गाडीला बाहेर पडता येणार नाही अशा जागी लावायलाही. देशोदेशीचे शब्द निराळे असतील, पण गेटच्या बाबतीत नियमांचा सूर साधारण हाच. भिंतीसमोरच्या जागेबद्दल तो करार घरमालकाला काहीही देत नाही.

तुम्ही तुमच्या अर्जातलं वाक्य दिलंय: 'शेजारी नेहमी माझ्या घरासमोर गाडी लावतात.' हे वाचणारा माणूस भिंतीची तक्रार समजतो आणि कागद बाजूला ठेवतो. तेच असं लिहून बघा: 'माझ्या गेटची रुंदी 3 मीटर आहे. त्यातले 80 सेंटिमीटर अमुक क्रमांकाच्या गाडीने अडवले असून आतली गाडी बाहेर निघत नाही.' पहिल्या वाक्यात गाऱ्हाणं आहे, दुसऱ्यात अडथळा. वाहतुकीचा माणूस येतो तो अडथळ्यासाठी.

आता हे 80 सेंटिमीटर कुठून आणायचे? टेपने. पाच मीटरची साधी टेप आणि दहा मिनिटं पुरतात. रात्री दहानंतर मोजा, कारण तेव्हा सगळ्या गाड्या घरी आलेल्या असतात. आणि मोजल्यावर पुष्कळदा असं दिसतं की ज्याला आपण उद्धट म्हणत होतो तो फक्त बेशिस्त आहे.

समजा तुमच्या आणि शेजारच्या गेटच्या मधली कड 11.5 मीटर आहे. गाडीची लांबी 4.2 मीटर. दोन्ही टोकांना गेटपासून एकेक मीटर मोकळा सोडला तर 9.5 मीटर उरतात. त्यात दोन गाड्या 8.4 मीटर घेतात आणि मध्ये 1.1 मीटर राहतो. दोन्ही टोकं गेटमुळे उघडीच असल्याने गाडी काढायला त्रास नाही. आता पहिल्याने येऊन नेमकी मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना 3.65 मीटर उरतात. दुसरी गाडी कुठेच मावत नाही. मग ती नाक किंवा शेपूट गेटवर टाकून उभी राहते, आणि शिव्या खाते दुसरी. मूळ कारण मधोमध लावलेली पहिली गाडी असते, जी नियमाने कुठेच चुकलेली नाही. हे आकडे हातात असले की मागणीही आटोपशीर होते: 'गाडी दोन मीटर पुढे घ्याल का?' इतक्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

एक गोष्ट मूळ लेखात यायला हवी होती आणि आली नाही, ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे आठवली: गेटच्या समोर, रस्त्यापलीकडे लावलेली गाडी. तुम्ही म्हणता, 'गेट मोकळं असूनही गाडी निघत नाही, आणि समोरचा म्हणतो मी तुमच्या गेटला लावलेलीच नाही.' तो खोटं बोलत नाही, पण तुम्हीही नाही. हिशोब असा. लहान गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये साधारण अडीच मीटर अंतर असतं आणि पुढच्या चाकांच्या पुढे बंपरपर्यंत आणखी 80 सेंटिमीटर. अरुंद गेटमधून पुढच्या तोंडाने बाहेर येताना, मागची चाकं गेटच्या रेषेपाशी आल्याशिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवता येत नाही, नाहीतर आतल्या बाजूचा मागचा दरवाजा खांबाला घासतो. म्हणजे पूर्ण वळण सुरू होण्याआधीच गाडीचं नाक 3.3 मीटर रस्त्यात गेलेलं असतं. रस्ता 6 मीटरचा असेल तर पुढे 2.7 मीटर उरतात, थोडं पुढेमागे करून काम भागतं. समोर गाडी असेल तर ती 2 मीटर खाते. उरले 70 सेंटिमीटर. मग पुढे, मागे, पुढे, मागे, आणि शेवटी बंपरला चरा.

काही देशांनी हे ओळखलेलं आहे. जर्मनीच्या वाहतूक नियमावलीत गेटसमोर मनाई आहेच, अरुंद रस्त्यावर ती गेटच्या पलीकडच्या बाजूलाही लागू होते. तुमच्याकडच्या नियमात असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर पलीकडच्या माणसाला दोष न देता कागदावर चार रेघा काढून हेच आकडे दाखवा. त्याला गेटसमोरून पूर्ण हटायची गरजही नसते, बहुतेकदा दीड-दोन मीटर सरकलं तरी पुरतं. कुठल्या बाजूला ते तुम्ही रोज कुणीकडे वळता त्यावर ठरतं: उजवीकडे वळत असाल तर उजवीकडची जागा मोकळी हवी. तुमच्याकडूनही थोडं करता येईल. गाडी रिव्हर्सने आत घ्या आणि पुढच्या तोंडाने काढा, म्हणजे वळण कमी झालं नाही तरी दोन्ही बाजूंचं दिसतं. आणि कधी गेट बदलायची वेळ आलीच तर 3 मीटरऐवजी 3.6 मीटरचं सरकतं गेट घ्या. त्या जास्तीच्या 60 सेंटिमीटरमुळे वळण आधी सुरू करता येतं.

कुंड्यांबद्दल. कुंडी, दगड, रिकामा डबा, जुना टायर, काहीही ठेवलं तरी तो रस्त्यावरचा अडथळा ठरतो, आणि आता अडथळा करणारे तुम्ही. रात्री एखादा दुचाकीवाला त्यावर आदळला तर प्रश्न पार्किंगचा राहत नाही. शिवाय शेजाऱ्याने कुंडीचा फोटो काढून तक्रार केली की तुमचा सहा महिन्यांचा अर्ज त्या एका फोटोने उलटतो. रस्त्यावर स्वतःच पिवळा पट्टा मारणंही त्यातच मोडतं. तो पट्टा प्रशासनाकडूनच मारून घ्यावा लागतो.

हवा सोडण्याबद्दल तर साधा विचार करा. गाडी तुमच्या गेटसमोर आहे. तुम्हाला ती हलायला हवी आहे. आणि तुम्ही ती हलणार नाही अशी व्यवस्था केलीत! वर नुकसानभरपाई मागायचा हक्क त्याला मिळतो. काचेवर चिकट स्टिकर लावण्याचंही तसंच. समोरचं दिसत नाही म्हणून तो खरवडत बसतो आणि पुढचे चार महिने हट्टाने तिथेच लावतो.

स्वतःच्या हद्दीत मात्र बरंच करता येतं. कुंपणाच्या भिंतीवर, गेटच्या खांबापासून एक मीटरवर, दोन्ही बाजूंना पाच सेंटिमीटर रुंदीची लाल-पांढरी चकाकणारी पट्टी उभी चिकटवा, जमिनीपासून साधारण 60 सेंटिमीटर ते एक मीटर उंचीच्या पट्ट्यात. गाडी लावणाऱ्याची नजर आरशात आणि कडेला असते, गेटच्या वर टांगलेल्या पाटीकडे नसते. म्हणूनच उंचावरच्या पाट्या कोणी वाचत नाही. पट्टी खांबालाच लावण्याची चूक पुष्कळ जण करतात. मग चालक बंपर खांबापर्यंत आणतो आणि वर म्हणतो, 'खुणेच्या आत तर आहे.' एक मीटर सोडायचा तो याचसाठी. पाटी लावायचीच तर मोजक्या शब्दांत: 'गेट रात्रंदिवस वापरात आहे.' अक्षरं सात-आठ सेंटिमीटर उंच असू द्या. 'टायरमधली हवा काढली जाईल' असं लिहू नका. उद्या कुणीही हवा काढली तरी तुमच्याच पाटीचा फोटो पुरावा होईल.

आता बोलण्याचा मुद्दा. बोलणं भाबडं ठरतं ते चुकीच्या वेळी बोलल्यामुळे. गेट अडलंय, ऑफिसला उशीर होतोय, दोनदा हॉर्न वाजवून झालाय, आणि तुम्ही दारावर थाप मारता. त्या क्षणी फक्त गाडी काढून घ्या, दुसरा शब्द नको. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, रस्त्यावर, प्रत्यक्ष जागा दाखवत: 'मागचा बंपर या पट्टीच्या अलीकडे राहिला तर माझी गाडी निघते.' त्यांच्या घरच्या तिसऱ्या गाडीचा, गॅरेजमध्ये भरलेल्या अडगळीचा, पाहुण्यांचा विषय काढू नका. त्या गोष्टी तुमच्या अखत्यारीत नाहीत, आणि तो विषय निघाला की मूळ दोन मीटरचं बोलणं राहून जातं.

मालक कोण हे माहीत नसेल तर वायपरखाली चिठ्ठी. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, नाहीतर दवाने शाई पसरते. मजकूर एवढाच पुरे: 'तुमची गाडी रात्री 11 पासून गेटवर 80 सेंटिमीटर आत होती. सकाळी 6 ला आमची गाडी काढता आली नाही. कृपया भिंतीवरच्या पट्टीच्या बाहेर लावा. अडचण असेल तर फोन करा.' खाली क्रमांक. ठेवल्यावर चिठ्ठीचा फोटो काढा.

तुमचा शेजारी मुद्दाम करतो, चिठ्ठी चुरगाळून तुमच्याच अंगणात टाकतो, हे तुम्ही लिहिलंय. अशा माणसाशी तिसऱ्यांदा बोलू नका. इथे माझा लेख तोकडा पडला हे कबूल. इथून पुढे फक्त नोंद. एका वहीत तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, किती सेंटिमीटर, किती वेळ आणि काय अडलं. तीन आठवडे. प्रत्येक वेळी तीन फोटो: एकात नंबरप्लेट, एकात गेट आणि घर क्रमांकासह पूर्ण गाडी, आणि एकात बंपर व खांब यांच्यामध्ये जमिनीवर पसरलेली टेप, आकडे वाचता येतील अशी. लांबून झूम करून काढू नका, झूममध्ये अंतरं आवळली जातात आणि अधिकाऱ्याला खरं माप कळत नाही. फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवले की त्यांचा दर्जा उतरतो आणि फोटोत दडलेली वेळेची माहितीही जाते, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. कॅमेरा लावलात तर त्याच्या चौकटीत तुमचं गेट आणि त्यापुढचा रस्ता येईल इतकंच. शेजाऱ्याची खिडकी आली की वाद तिसऱ्याच दिशेला जातो.

फोन मात्र गाडी प्रत्यक्ष गेट अडवून उभी असताना करा. 'काल रात्री होती' याला कोणी येत नाही.

एकट्याचा अर्ज रेंगाळत असेल तर दुसरं माप वापरा. 6 मीटर रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागल्या की प्रत्येक बाजूला सुमारे 2 मीटर जातात आणि मध्ये 2 मीटर उरतात. अग्निशमनाची गाडी साधारण अडीच मीटर रुंद असते. ती आत शिरतच नाही, रुग्णवाहिकाही अडकते. एकाच बाजूला लावल्या तर 4 मीटर मोकळे राहतात. गल्लीतल्या आठ-दहा घरांनी हे आकडे लिहून, एका बाजूला पार्किंगबंदीची आणि कोपऱ्यापासून नियमात असेल तितकं अंतर (कुठे 5 मीटर, कुठे 10) मोकळं राखण्याची मागणी सह्यांनिशी केली, तर तो दोन शेजाऱ्यांचा तंटा राहत नाही. अर्थात तुमचीही एक जागा त्यात जाईल, हे सही करण्याआधी लक्षात घ्या.

शेवटी ती बंद पडलेली व्हॅन, जी 'महिनोन्महिने हललेली नाही' असं तुम्ही म्हणता आणि मालक म्हणतो 'रोज नेतो'. डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांचे हवा भरायचे वॉल्व्ह पाहा आणि घड्याळाच्या काट्यासारखी त्यांची जागा लिहून ठेवा: पुढचा चारवर, मागचा अकरावर. गाडी फिरून आली तर दोन्ही वॉल्व्ह पुन्हा त्याच जोडीने थांबणं फार क्वचित घडतं, कारण वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. दर आठवड्याला एक फोटो, चार आठवडे. चारही फोटोंत चार आणि अकराच दिसले तर बेवारस वाहनाच्या तक्रारीला ते जोडा.

तुमच्या गेटची रुंदी, रस्त्याची रुंदी, गाडीची लांबी आणि बाहेर पडताना कुणीकडे वळता, एवढं लिहून पाठवलंत तर समोरच्या गाडीने नेमकं किती सरकायला हवं ते काढून देईन.