जावईबापू, गॅस संपलाय का?

परवाचं आठवलं की अजून दातओठ खातो मी. पाहुणे येणार म्हणून थंडगार मॅरिनेट केलेली कोळंबी केली होती. रेसिपीत लिहिलंय 'वेळ १५ मिनिटं', लिहिणाऱ्याने जन्मात कोळंबी सोललेली नसणार. एक किलो सोलून प्रत्येकीच्या पाठीतला तो काळा धागा काढेपर्यंत माझ्याच पाठीचा कणा निघायची वेळ आली. मग उकळत्या पाण्यात जेमतेम २ मिनिटं, इंग्रजी सी सारखी वळली की बाहेर, ओ झाली की गेली कामातून. लगेच बर्फाच्या पाण्यात, मग लिंबू, ऑलिव्ह ऑइल, कांदा, मिरची, आणि फ्रीज.

बाऊल टेबलावर आला. बायकोच्या मामांनी वाकून बघितलं, एका कोळंबीला बोट लावलं आणि म्हणाले, "जावईबापू, गॅस संपलाय का?"

म्हटलं, "मामा, ही थंडच खातात. पेरूमध्ये तर कच्चा मासा नुसता लिंबाच्या रसात मुरवतात, सेविचे म्हणतात त्याला."

"पेरूमध्ये?"

"हो."

"पिकलेल्या की कच्च्या?"

"मामा, देश! दक्षिण अमेरिकेतला."

"असेल. पण बिया दातात अडकत असतील."

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मला खाज, सांगितलं की युनेस्कोने २०२३ साली सेविचे वारशाच्या यादीत घेतलंय. मामा उठले, बाऊल उचलला, "चला, वारसा जरा गरम करू" म्हणत थेट मायक्रोवेव्हकडे.

अहो, ती उकडलेली होती! लिंबाने मासा पांढरा, घट्ट होतो, शिजल्यासारखा दिसतो, पण जंतू मरतीलच असं नाही, म्हणूनच तर मी आधी उकडली, हे सगळं मी त्या घूंऽऽ आवाजाला सांगत उभा होतो.

३ मिनिटांनी बाहेर आल्या त्या सगळ्या ओ. खोडरबर नुसतं. मामा म्हणाले, "आता कसं!" आणि सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं, बायकोने तर दोनदा घेतलं. आइस्क्रीम कोणी गरम करून मागत नाही, तेव्हा बरं सगळ्यांना थंड कळतं. माझी सकाळ गेली त्याचं कोणाला काही नाही.

मायक्रोवेव्हला अजून कांद्याचा वास येतोय. तोही मीच पुसायचा म्हणे, कारण पदार्थ माझा.