गिटचा सर्व्हर उभारताना घ्यावयाची दक्षता

कार्यालयात कोणी विंडोज, कोणी मॅक आणि कोणी लिनक्स वापरत असेल, तर गिटचा (फाईलींत कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीचा) सर्व्हर उभारण्यापूर्वी कोणाशीही चर्चा करू नये. चर्चेतून नियम ठरतात, आणि नियम ठरले की गेल्या आठवड्यात आमच्या पणजीच्या कार्यालयात जी शोभा झाली, तिला आपण मुकाल.

सर्व्हरसाठी वेगळा संगणक घेऊ नये; हिशेबनिसाच्या विंडोजवरील एक फोल्डर सर्वांना पूर्ण अधिकारांसह खुले करावे, म्हणजे एसएसएचच्या किल्ल्या (सर्व्हरवर सुरक्षित प्रवेशासाठी प्रत्येकाची डिजिटल ओळख) वाटण्याचा त्रास वाचतो. यूपीएस नको, कारण आषाढात वीज जायची तेव्हा जातेच. बॅकअपचे चवथीनंतर पाहू, असे सांगावे.

फाईलींना नावे देताना एकच नाव एकदा मोठ्या आणि एकदा लहान आद्याक्षराने लिहावे. लिनक्सला त्या दोन फाईली दिसतात, विंडोज आणि मॅक सहसा त्यांना एकच समजतात. मराठी नावांची हौस असेल तर ‘किनाऱ्यावर’ हे उत्तम, कारण त्यातला नुक्ता असलेला र जुन्या मॅकची फाईल-व्यवस्था र आणि नुक्ता असा फोडून साठवते, आणि दिसायला सारखीच असलेली दोन नावे वेगळी ठरतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओळ कुठे संपते, याची चिंता करू नये. विंडोज ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशी दोन अदृश्य अक्षरे लिहिते, लिनक्स आणि मॅक केवळ दुसरे. आमच्या एका सहकाऱ्याने ‘गिटने माझ्या फाईलींना हात लावू नये’ या बाण्याने ऑटोसीआरएलएफ (ओळींचे शेवट आपोआप बदलून देणारी गिटची सोय) बंद ठेवले, एडिटरला हवे ते करू दिले आणि एका ओळीची दुरुस्ती कमिट केली, म्हणजे गिटमध्ये नोंदवली. एडिटरने प्रत्येक ओळीचा शेवट बदलल्याने गिटने अख्खी फाईल बदललेली दाखवली. आता ब्लेम (कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी गिटची आज्ञा) पाहिले की प्रत्येक ओळीवर त्यांचेच नाव, जणू सारी प्रणाली त्यांनीच लिहिली! शिवाय शेल स्क्रिप्ट (आज्ञांची यादी असलेली फाईल) लिनक्सवर चालेना, कारण ती चालवणाऱ्या बॅश या प्रोग्रॅमचे नाव पहिल्या ओळीत असते आणि त्या ओळीअखेरचे कॅरेज रिटर्न लिनक्स त्या नावाचाच भाग समजतो आणि ‘अशी फाईल नाही’ म्हणतो. फाईल समोर दिसते आहे, तरी नाही! तोवर ग्राहकाचे फोन मी घ्यायचे, आणि महाशय दुपारची वामकुक्षी आटोपून विचारणार, ‘गिट बिघडले काय?’

गिट बिघडलेले नाही. रिपॉझिटरीच्या, म्हणजे गिट सांभाळत असलेल्या प्रकल्पाच्या, मूळ फोल्डरमध्ये कोणत्या फाईलीशी गिटने कसे वागावे हे सांगणारी गिटअ‍ॅट्रिब्यूट्सची फाईल ठेवायला पाच मिनिटे लागतात: सर्वांसाठी टेक्स्ट ऑटो (मजकुराची फाईल गिटने स्वतः ओळखावी), शेल स्क्रिप्टसाठी एलएफ (फक्त लाइन फीड), विंडोजच्या बॅच फाईलींसाठी सीआरएलएफ (दोन्ही अक्षरे), चित्रांसाठी बायनरी (गिटने शेवट बदलू नयेत). ऑटोसीआरएलएफ ज्याच्या त्याच्या संगणकापुरते असते. ही फाईल मात्र रिपॉझिटरीबरोबर सर्वांकडे जाते. ती घातल्यावर एकदा रीनॉर्मलाइझ करा, म्हणजे जुन्या फाईलींचे शेवट या नियमांप्रमाणे करून घ्या, आणि तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये ठेवा, इतर कामात मिसळू नका. सर्व्हर लिनक्सवर हलवा आणि प्रत्येकाला स्वतःची किल्ली द्या. पगार घेता ना? मग गिट इन्स्टॉल करताना ओळींच्या शेवटांविषयी समोर आलेला प्रश्न न वाचता ‘नेक्स्ट’ दाबणे आधी बंद करा.