आत जायचं म्हणून बाहेर बघणं कशाला सोडायचं?

तासगावपासून साताऱ्यापर्यंत सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय की माणूस चंद्रावर पोचला पण स्वतःच्या आत पोचला नाही, आपल्या ऋषींनी डोळे मिटून सगळे ग्रह बघितले, चांद्रयानावर पैसा उधळला आणि पोरांच्या हातात दुर्बीण नको, जपमाळ द्या. मी स्वतः रोज पहाटे ध्यानाला बसते, सज्जनगडावर जाणंयेणं असतं, म्हणून तर हे वाचून जास्तच वाईट वाटलं.

पहिला मुद्दा, बाहेर गेलेल्याला आतलं सापडत नाही. एडगर मिचेल बघा. अपोलो १४ मधून १९७१ ला चंद्रावर उतरलेला नौदलाचा पायलट. परत येताना यान हळूहळू स्वतःभोवती फिरत होतं, उन्हानं एकच बाजू तापू नये म्हणून तसं फिरवत ठेवतात, आणि खिडकीतून दर दोनेक मिनिटांनी पृथ्वी, चंद्र, सूर्य आळीपाळीनं जात होते, ते बघता बघता त्याला आतून जाणवलं की माझ्या अंगातले अणू, या यानाचे अणू, सोबतच्या माणसांचे अणू सगळे कुठल्यातरी जुन्या ताऱ्यांत तयार झालेत. अभ्यासात हे आधीच शिकला होता, अनुभव तिथं आला. घरी आल्यावर हे नेमकं काय झालं ते शोधत शोधत तो आपल्याकडच्या समाधीच्या वर्णनांपर्यंत पोचला, आणि १९७३ मध्ये जाणिवेच्या अभ्यासासाठी त्यानं संस्था काढली. आणि आपले राकेश शर्मा, १९८४ ला सॅल्यूत ७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर त्यांनी योगासनं केली, तो प्रयोगाचाच भाग होता! आता सांगा, कोण आत गेलं नाही?

डोळे मिटून ग्रह बघितले म्हणणं तर मला आपल्याच पूर्वजांवर अन्याय वाटतो. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये सांगितलं की पृथ्वी स्वतःभोवती फिरते, आणि त्याच्या आकड्यांवरून ताऱ्यांच्या हिशोबानं एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांची निघते, आजच्या मापाशी जुळणारी. यामागं रात्र रात्र आभाळ बघणं, नोंदी आणि गणित आहे. ती मेहनत पुसायची कशाला? आपल्या नवग्रहांत शनीच्या पलीकडचा एकही ग्रह नाही, युरेनस १७८१ ला दुर्बिणीतूनच सापडला.

आता पैसा. चांद्रयान-३ ला साधारण ६१५ कोटी लागले, आणि चांद्रयान काय पाऊस सांगत नाही हे बरोबरच आहे. पण ज्या इस्रोनं ते पाठवलं तिचेच इन्सॅट उपग्रह आपल्यावरचे ढग दाखवतात. आमच्याकडं बेदाणा शेडवर टाकलेला असतो तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस मोबाईलवर ढगांचा फोटो उघडून बसतं, ढग इकडं सरकताना दिसला की लगेच ताडपत्र्या ओढायची पळापळ, कारण एकदा भिजला की माल काळा पडतो आणि वर्षाची कमाई गेली. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा कुठवर पाणी पसरलंय त्याचे नकाशेसुद्धा सॅटेलाइटवरूनच निघाले. याला उधळपट्टी म्हणायचं असेल तर एकदा पूरपट्ट्यातल्या माणसाला विचारून बघा.

राहिली दुर्बीण की जपमाळ. नामस्मरणानं मन थाऱ्यावर येतं, ते दुर्बिणीनं होणार नाही, हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगते. पण पोराला एक देताना दुसरं काढून का घ्यायचं? दिवाळीनंतर आभाळ निवळतं, गुरू वर असेल तेव्हा गावाबाहेरच्या माळावर जा, साध्या छोट्या दुर्बिणीतून त्याचे चार मोठे चंद्र ओळीत दिसतात, दुसऱ्या रात्री बघितलं तर त्यांच्या जागा बदललेल्या असतात, पोरं स्वतः वहीत काढून ठेवतात. त्यामुळं दादा, काका, मावशी, सगळ्यांना हात जोडून विनंती, निदान शाळेच्या ग्रुपवर तरी हा मेसेज टाकू नका.