कर्करोगात मरण कोणाच्या वाट्याला अधिक?

परंड्याच्या बसस्थानकाजवळच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो अन्वरभाईंच्या एका विधानावरून. ते पॅथॉलॉजी लॅब चालवतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमीच होतो, तरीही त्यांचा मृत्युदर सुमारे 40 टक्क्यांनी अधिक आहे, तेव्हा कारण रक्तातच असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ हा हार्मोनच्या औषधांना दाद न देणारा चिवट प्रकार त्या स्त्रियांत जवळपास दुपटीने आढळतो, हेही त्यांनी सांगितले आणि ते खरेच आहे.

“पण 1980च्या सुमारापर्यंत दोघींचे मृत्युदर जवळपास सारखेच होते,” गुरुजी म्हणाले. “मॅमोग्राफी म्हणजे स्तनाची क्ष-किरण तपासणी आणि टॅमॉक्सिफेनची गोळी आल्यावर दरी पडली. इतक्या थोड्या वर्षांत रक्त बदलते का?”

अन्वरभाई हटले नाहीत. “ती गोळी हार्मोनवर वाढणाऱ्या गाठीलाच लागू पडते, आणि तशा गाठी गोऱ्या स्त्रियांत अधिक असतात. औषध सर्वांना सारखे दिले तरी गुण सारखा येणार नाही.”

हा मुद्दा वजनदार आहे, पण मला तो पुरा पडत नाही असे वाटते, कारण हार्मोनवर वाढणाऱ्या गाठींतही मृत्युदर कृष्णवर्णीय स्त्रियांचाच अधिक आहे. तिथे विमा नसणे, निदान उशिरा होणे आणि उपचार रेंगाळणे ही कारणे आड येतात. अमेरिकेतल्याच डेलावेअर राज्याने 2002पासून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी घडवून आणली, विमा नसलेल्यांच्या उपचारांचा खर्च उचलला आणि रुग्णाचा पाठपुरावा करणाऱ्या परिचारिका नेमल्या. 2009पर्यंत कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांमधली तपासणीतली दरी बुजली आणि मृत्युदरातली जवळजवळ मिटली.

“अमेरिका राहू द्या, आपल्या जिल्ह्याचेच घ्या,” गुरुजी म्हणाले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील 52 ग्रामसमूहांत 1999 नंतरच्या काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा जो मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणीची सोय मिळालेल्या गटातील 34,126 स्त्रियांपैकी 34 जणी या रोगाने दगावल्या. नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या 31,488 स्त्रियांपैकी 64. दोन्ही गटांतल्या बाया याच मातीतल्या, इथलेच खाणाऱ्या आणि इथेच राबणाऱ्या होत्या. दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. परंतु वेळेवरच्या तपासणीने किती जीव वाचतात याचा याहून जवळचा पुरावा आपल्यापाशी नाही.

अन्वरभाईंनी एवढे मान्य केले की शरीराचा वाटा धरूनही उरलेली दरी माणसाने पाडलेली आहे. आपल्याकडे ती वर्णावरून नसेल, पण तांड्यावर, पारधी वस्तीवर आणि ऊसतोडीच्या टोळीत ती दिसते.

इतका वेळ गप्प असलेला बालाजी एसटीत वाहक आहे. बार्शीला रेडिएशनसाठी जाणारी एक बाई त्याच्या गाडीत रोज असायची, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल घेऊन. हा उपचार आठवड्यातले पाच दिवस, असा पाच-सहा आठवडे चालतो. नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतलेली होती; कारखाने सुरू झाले आणि ती मधूनच कोयत्याला गेली. “2023पासून बायांना अर्धे तिकीट आहे, गुरुजी,” बालाजी म्हणाला, “पण बुडालेली मजुरी आणि ती उचल कोण फेडणार होते?”