'एका सिटिंगमध्ये हॅमस्ट्रिंग कायमचे लांब होतात' हा दावा तपासताना

मुंबई मॅरेथॉनच्या सरावाचे दिवस आले की शिवाजी पार्कवर धावणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एका ठरावीक धाटणीचे व्हिडिओ फिरू लागतात. वाकलेल्या तरुणाचे हात नडगीपाशी अडतात, थेरपिस्ट मांडीची मागची बाजू दाबून मोकळी करतो आणि लगेच त्याची बोटे जमिनीला टेकतात. सोबतचा दावा असा, की स्ट्रेचिंग म्हणजे वेळेचा अपव्यय असून हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू, हाताने दाबून एकाच सिटिंगमध्ये कायमचे लांब होतात.

दिसणारा फरक खरा असू शकतो. तो टिकतो का, हे मात्र व्हिडिओ दाखवत नाही. 2000 आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत एकाच बैठकीनंतर गुडघ्याचा कोन पुन्हा पुन्हा मोजला, तेव्हा साध्या ताणाने मिळालेली वाढ सुमारे 3 मिनिटांत, तर पाय दुसऱ्याने धरून करायच्या 'होल्ड-रिलॅक्स' पद्धतीची सुमारे 6 मिनिटांत ओसरली. हे अभ्यास मालिशचे नव्हेत, हे खरे. पण 'कायमचे' म्हणणाऱ्याने निदान दुसऱ्या दिवशीचे माप तरी दाखवायला हवे.

स्नायू लांब झाला, हे म्हणणे तर त्याहून कच्चे आहे. काही आठवड्यांच्या स्ट्रेचिंगनंतरही पाय अधिक वर जातो तो बहुतांशी ताण सोसण्याची तयारी वाढल्यामुळे, अशी मांडणी 2010 मध्ये संशोधकांनी केली. मग काही मिनिटांच्या दाबाने स्नायूची रचनाच बदलली, हे कशाच्या आधारावर मानायचे?

व्यायाम मात्र निरुपयोगी ठरलेला नाही. 1997 च्या अभ्यासात आठवड्यातून 5 दिवस, दिवसातून एकदा 30 सेकंदांचा ताण 6 आठवडे दिल्यावर लवचिकता स्पष्ट वाढली. 60 सेकंद धरून किंवा दिवसातून तीनदा करून जास्त काही हाती लागले नाही. 2004 मध्ये, उताणे झोपून पट्ट्याने पाय वर ओढताना हॅमस्ट्रिंगने त्याला विरोध करत राहण्याच्या व्यायामाची साध्या ताणाशी तुलना झाली. 6 आठवड्यांत दोन्ही गटांत सुमारे 12 अंशांची वाढ दिसली. सकाळी मैदानावर घाईत पाय कठड्यावर टाकून झटके देणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

शिवाय वाकून जमिनीला हात टेकवणे ही केवळ हॅमस्ट्रिंगची चाचणी नाही. त्यात कंबर, पाठ आणि हातांची लांबीही येते. उताणे झोपून सरळ पाय उचलताना पाऊल स्वतःकडे ओढल्यावर कळ वाढत असेल, तर अडचण स्नायूची नसून कंबरेतून पायात उतरणाऱ्या सायटिक नसेचीही असू शकते, आणि अशा पायावर जोर लावण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून तपासणी करून घेणेच योग्य.