ललिता पवार एका थपडेने घडल्या नाहीत

आमच्या परळच्या चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात नवख्या भगवानदादांनी ललिता पवारांच्या थोबाडीत जोरात मारली, डोळा अधू झाला, सुंदर नायिका संपली. मग कामच मिळेना, जन्मभर दुष्ट सासू व्हावं लागलं आणि 'ते व्यंगच त्यांचं भांडवल ठरलं'. लोक खाली हात जोडतात आणि पुढे पाठवतात. मला दर वेळी राग येतो, कारण सत्तर वर्षांच्या कामाचं श्रेय एका अपघाताला देऊन टाकलंय.

थप्पड खरी आहे. चेहऱ्यावरून वारं गेलं, डाव्या डोळ्याची शीर फुटली, तीन वर्षं उपचार चालले. नायिकेच्या भूमिका त्यामुळेच सुटल्या, हेही खरं. पण भगवानदादा नवखे? ते मूकपटांपासून पडद्यावर होते आणि १९३८ साली त्यांनी 'बहादूर किसान'चं सहदिग्दर्शनही केलं होतं. थप्पड प्रसंगातच होती, हात जास्त लागला, एवढंच.

'आधी नुसती सुंदर नायिका' हे तर साफ चूक. १९१६ साली येवल्यात जन्मलेली ही मुलगी १९२८च्या मूकपटात, 'राजा हरिश्चंद्र'मध्ये, कामाला लागली होती. १९३२च्या 'कैलाश'मध्ये अभिनयासोबत निर्मितीतही तिचा वाटा होता. १९३८ साली टॉलस्टॉयच्या कादंबरीवरचा 'दुनिया क्या है' तिने स्वतः काढला, तेव्हा वय बावीस. पुढे भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर', मग खांडेकरांच्या कथेवरचा, मास्टर विनायकांचा 'अमृत'. हे सगळं थपडेच्या आधीचं, आणि मजकुरात यातलं एक अक्षर नाही.

'काम मिळेना' म्हणावं, तर १९४४ साली प्रभातचा 'रामशास्त्री' आला. त्यात 'ध'चा 'मा' करणारी आनंदीबाई कोण? ललिता पवारच. उपचारांचीच ती वर्षं.

आता 'जन्मभर दुष्ट सासू'. सासवा केल्या, खाष्ट केल्या, आणि अशा केल्या की आमची आजी पडद्याकडे बघून बोटं मोडायची. पण १९५५चा 'श्री ४२०' बघा. मुंबईच्या फूटपाथवर केळी विकणारी गंगामाई. ती सांगते दोन आण्याला तीन, आणि राज कपूरचा राजू घासाघीस करतो ती उलटी, तीन आण्याला दोन! आधी तिला कळत नाही, मग कळतं, आणि ती जी हसते! मुंबईत नव्याने आलेल्या उपाशी पोराला त्या हसण्यातच घर मिळतं. 'अनाडी'तली मिसेस डिसा वरून कडक, आतून नुसती माया. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. ज्याने 'अनाडी' पाहिलाय, त्याला तिचं जाणं अजून लागतं. 'प्रोफेसर'मधली करडी बाई उतारवयात प्रेमात पडते, तेव्हा आपण आधी हसतो आणि मग तिची दया येते. 'आनंद'मधली मेट्रन आहेच. यातल्या एकीलाही दुष्ट सासू म्हणता येईल का? १९६१ साली संगीत नाटक अकादमीने गौरव केला, तो काय व्यंगाचा केला?

राहिला 'भांडवला'चा मुद्दा. तो मला सगळ्यात लागतो. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की आमच्या खोलीत शेजारपाजारची वीस माणसं दाटीवाटीने बसायची. ललिताबाईंची मंथरा कैकेयीच्या कानाशी लागायची, तो डावा डोळा बारीक व्हायचा आणि खोलीत चिडीचूप. नंतर बऱ्याच वर्षांनी मी 'श्री ४२०' परत पाहिला, तेव्हा मुद्दाम गंगामाईच्या डोळ्याकडे लक्ष ठेवलं. तोच डोळा, तसाच बारीक. मंथरेच्या चेहऱ्यावर त्यात विष दिसतं. इथे मात्र तो डोळा राजूची लबाडी ओळखून मिचकावल्यासारखा वाटतो, आणि ती बाई त्याच्या हातात केळी ठेवते.